ताशी साठ, आणि समोर माहीम

आजच्या भागात आपण माहीमला जातोय. मुंबईतलं नाही हं, आपलं केळवे-माहीम, पालघरच्या पश्चिमेचं. ब्रिटिश काळात अख्ख्या तालुक्याचं नाव माहीम होतं आणि पालघर म्हणजे नुसतं रेल्वे स्टेशन. पुढे स्टेशनच मोठं झालं, कचेऱ्या तिकडे गेल्या. माहीमकडे राहिला तो स्टेशनला जाणारा रस्ता. कडेला घरं, पानवेलीच्या वाड्या, सायकलवरची शाळेची पोरं. आणि शनिवार-रविवारी केळव्याच्या समुद्राकडे निघालेल्या गाड्या.

अशा रस्त्यावर किती वेगानं जायचं, हे ठरवतं कोण?

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये, पेट्रोलच्या गाड्या यायच्याही आधी. १८६५ च्या कायद्यानं रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनांना गावात ताशी २ मैल आणि बाहेर ४ मैल अशी मर्यादा घातली. वर इंजिनापुढे लाल झेंडा घेऊन एक माणूस चालायचा. आज हसू येतं. पण तेव्हा रस्ता माणसांचा आणि जनावरांचा होता, यंत्र तिथे पाहुणं होतं.

मग मोटारी आल्या आणि १९०३ मध्ये मर्यादा २० मैलांवर गेली, म्हणजे ताशी साधारण ३२ किलोमीटर. ती फारसं कुणी पाळेना. तेव्हा १९३० मध्ये ब्रिटिश संसदेनं काय करावं? मोटारींची वेगमर्यादाच काढून टाकली! कुणी पाळत नाही ना, मग नियम कशाला? हे वाक्य आपल्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. १९३४ मध्ये तिथे रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ३० मैल, म्हणजे ताशी ४८ किलोमीटरची मर्यादा आली, आणि त्या वर्षीचा आकडा ६,५०२ झाला. सगळं श्रेय पाटीला नको, त्याच सुमारास लायसन्सची परीक्षाही सुरू झाली होती. पण पाच वर्षांत संसदेला घूमजाव करावं लागलं, हे खरं.

आता आपल्याकडे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ वेगाबद्दल आहे. त्याखाली केंद्र सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये आकडे नव्यानं ठरवले. बातम्या झाल्या त्या एक्सप्रेसवेच्या १२० च्या. मला मात्र त्या तक्त्याचे शेवटचे दोन रकाने जास्त महत्त्वाचे वाटतात. नगरपालिका हद्दीतले रस्ते: कार ७०, बाईक ६०, रिक्षा ५०. आणि 'इतर रस्ते': कार ७०, बाईक ६०, रिक्षा ५०. पालघरला नगरपरिषद, माहीमला ग्रामपंचायत, रकाने वेगळे, आकडे तेच. शाळेसमोरचा रस्ता, बाजारातला रस्ता, फुटपाथ नसलेला रस्ता यांना रकानाच नाही.

थोडं गणित करू. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर पोरगं आलं हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात तुमची बाईक दीड बसइतकी पुढे गेलेली असते. ३० वर असाल तर ८ मीटर. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे तर शाळेतच शिकलोय. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम परिषदेत, जिथे चालणारे आणि गाड्या एकत्र असतात तिथे ताशी ३० असा आग्रह धरला गेला.

मग माहीमनं दिल्लीची वाट बघायची का? तर नाही. केंद्राचा आकडा ही फक्त वरची मर्यादा. त्याच कलमात लिहिलंय की लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचं स्वरूप पाहून राज्य सरकार, किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी, वेग आणखी कमी करू शकतो. राजपत्रात अधिसूचना हवी, आणि रस्त्यावर पाटी हवी. नुसती ग्रामसभेनं रंगवलेली 'गाडी हळू चालवा' चालणार नाही, गोल लाल कडेची, आकड्याची पाटी लागते.

आणि एक बारीक तरतूद, जी मलाही हा भाग तयार करतानाच सापडली. मर्यादा एका महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल, तर राजपत्राचीही गरज नाही. म्हणजे जत्रेचे दिवस, मे महिन्यातली पर्यटकांची गर्दी, शाळा उघडल्यानंतरचे पहिले चार आठवडे. अर्ज अधिकाऱ्याकडे करायचा, आणि त्यात कलम ११२, पोटकलम २ असं स्पष्ट लिहायचं.