बाकं काढलेली एसटी

वाटूर फाट्यावर जालना, मंठा आणि परतूर या तिन्हीकडच्या वाटा मिळतात. इथं एसटीची वाट पाहण्यात माझी शाळा-कॉलेजची वर्षं गेली. म्हणून २०२० च्या पावसाळ्यात फाट्यावर थांबलेली एक लाल गाडी पाहून मी गोंधळलो. गाडी एसटीचीच, पण खिडक्यांवर पत्रा मारलेला. आत एकही बाक नाही, नुसती पोती.

मी पुण्यातली खोली सोडून गावी आलो होतो आणि माझी मोटारसायकल तिकडंच अडकली होती. ड्रायव्हरकाकांना विचारलं, "यात मोटारसायकल बसल का हो?"

ते हसले. "बसल की. तिच्यापायीच तर माणसं उतरली हिच्यातून. आता तिलाच बसू द्या."

या उत्तराचा अर्थ लागायला मला थोडा इतिहास वाचावा लागला.

पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्या दिवशी वाटूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाची सरकारी बससेवा मात्र १६ वर्षं आधीच, १९३२ मध्ये, २७ गाड्यांनिशी सुरू झाली होती आणि ती निजामाच्या रेल्वेचंच एक खातं चालवायचं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६१ मध्ये मुंबई, मराठवाडा आणि विदर्भातल्या सेवा एकत्र होऊन आजचं महामंडळ उभं राहिलं.

एसटी तेव्हाही नुसती माणसांची नव्हती. मागच्या शिडीवरून टपावर पोती चढायची, सायकली चढायच्या. पेपरचे गठ्ठे आणि जेवणाचे डबेही तिनंच नेले.

मग १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. कमी पेट्रोलात लांब जाणाऱ्या अशा गाड्या पुढे हप्त्यावर मिळू लागल्या आणि गावातले बापे एकेक करून एसटीतून उतरले.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत एसटी थांबली, उत्पन्न आटलं. मे महिन्यात महामंडळानं मालवाहतूक सुरू केली. तिचंच नाव पुढे 'महाकार्गो' झालं. त्यासाठी जुन्या प्रवासी गाड्यांची बाकं काढली गेली. मी पाहिलेली गाडी त्यातलीच.

पण मोटारसायकली न्यायच्या तर एवढ्यानं भागत नाही. बसचा दरवाजा अरुंद, पायऱ्या उंच. म्हणजे मागची बाजू कापून रुंद दार करायचं, चढवायला उतरती फळी लावायची. तळ माणसांच्या पायांसाठी केलेला असतो, त्यावर जाड पत्रा टाकायचा. पुढचं चाक अडकवायला खाच हवी. हँडल दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी खाली ओढून बांधायचं, म्हणजे पुढचे शॉकअप दबून राहतात आणि खड्ड्यात गाडी उसळत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: गाडीच्या रचनेत असा बदल आरटीओला विचारल्याशिवाय करता येत नाही.

माझी मोटारसायकल शेवटी महिन्याभरानं एका ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आली. पेट्रोल काढलेलं, एक आरसा फुटलेला. मी खूश होतो.

मग २०२१ ची दिवाळी आली आणि एसटीचा संप सुरू झाला. महामंडळ शासनात विलीन करा, ही कर्मचाऱ्यांची मागणी होती. संप जवळपास सहा महिने चालला. माझी धाकटी बहीण तेव्हा परतूरला कॉलेजला जायची. बापे कधीच उतरून गेले होते. फाट्यावर उरल्या होत्या पासवाल्या मुली, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या आणि बाजाराच्या बाया. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं, तेव्हा गाड्या कुणाच्या गर्दीनं भरल्या ते सगळ्यांनी पाहिलं. संपात हीच माणसं काळीपिवळीला लटकत होती, नाहीतर घरी बसत होती.

जमेल तेव्हा मी बहिणीला मोटारसायकलवर सोडायचो. जमलं नाही की तिची दांडी.

माझी गाडी महिनाभर अडकली, तर मी फाट्यावरच्या अनोळखी ड्रायव्हरला गाठलं होतं. तिची गाडी सहा महिने अडकली. मी कुणालाच काही विचारलं नाही.