आभारातला भार

मराठीत धन्यवाद देतात, आभार मात्र मानतात. दिलेली वस्तू हातून सुटते, मानलेली आपल्यापाशीच राहते. आभार या शब्दात भार उघड दिसतो, आणि त्याच्या भोवतीचे सगळे गोत हमाल आणि सावकार यांच्या बोलीतले आहे: उपकाराचे ओझे, ऋण, उतराई होणे, पांग फेडणे. अंगाच्या कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटायचे नाहीत, असे आपण म्हणतो तेव्हा फिटणार नाही हे मान्य करूनच बोलतो. हे ओझे एकदा महाबळेश्वरात खरोखरच तराजूत घातले गेले. आजच्या तुळांच्या मुळाशी जाताना त्या प्रसंगापाशी थांबायलाच हवे.

तुळादान जुने आहे. मत्स्यपुराणातल्या सोळा महादानांत तुलापुरुषदान पहिले. रीत अशी, की एका पारड्यात दाता स्वतः बसायचा, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतके सोने चढायचे आणि ते दान व्हायचे. मोगल बादशहाही वाढदिवसाला स्वतःला तोलून घेत. १६७४मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची तुळा झाली, तीही याच रीतीची. परंतु त्याआधी ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वावर, क्षेत्र महाबळेश्वरी त्यांनी ज्या तुळा केल्या त्यांत पारड्यात महाराज नव्हते. तिथे जिजाऊसाहेब बसल्या आणि सोनोपंत डबीर बसले. शहाजीराजांना जाऊन तेव्हा वर्ष होत आले होते. सोनोपंत हे शहाजीराजांनी जिजाऊ-शिवाजी या माय-लेकरांबरोबर पुण्याकडे धाडलेल्या जुन्या कारभाऱ्यांपैकी. तोलायची माणसे बदलली आणि विधीचा अर्थच पालटला, असे माझे म्हणणे आहे.

यावर कोणी म्हणेल, ग्रहणात दान करणे हा पुण्यसंचयाचा शास्त्रोक्त मार्ग, त्यात कृतज्ञता कशाला शोधायची? आईसाठी पुण्य जोडणे हे मुलाचे कर्तव्यच होते. हे खरे आहे. विधी धार्मिकच होता आणि तो तसा नव्हता असे म्हणण्याचे कारण नाही. पण या युक्तिवादात सोनोपंत बसत नाहीत. ते ना रक्ताचे, ना गुरू. ते नोकरीतले माणूस होते आणि त्यांना वेतन मिळत होते. पगार चुकता केल्यावर हिशेब संपत असता, तर पारडे त्यांच्यासाठी मांडण्याची गरज नव्हती. वेतनाने भागत नाही असे काहीतरी त्यांच्याकडून मिळाले आहे, हे त्या पारड्याने चारचौघांत कबूल केले.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. उपकार तोलला की त्याचा सौदा होतो. इतके वजन, इतके सोने, मोकळे झालो. हा आक्षेप मला खरा वाटला असता, जर ते सोने जिजाऊंना मिळाले असते. तुळेचे सोने तोललेल्या माणसाच्या घरी जात नाही. ते ब्राह्मणांना, याचकांना वाटले जाते. ज्याचे ऋण त्याच्या हाती काहीच पडत नाही, आणि ज्याने काही केलेले नाही त्याची ओंजळ भरते. सावकारी हिशेबात हे बसत नाही, म्हणून मी याला फेड म्हणत नाही. ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणून पानावरून उठणारा माणूसही अन्नाची किंमत देत नसतो.

ही रीत राजवाड्यापुरती राहिली नाही. पुढाऱ्यांच्या वह्यांच्या तुळा होतात, त्यांत मानापेक्षा मिरवणे जास्त असते. पण वह्या शेवटी शाळेतल्या मुलांकडेच जातात. नवसाची तुळा त्याहून साधी. देवळाच्या आवारात लोखंडी तराजू टांगलेला, एका पारड्यात बाजूच्या साखळ्या घट्ट धरून बसलेले बावरलेले मूल, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. काटा मध्यावर आला की मुलाला उतरवून घेतात, गूळ फोडतात आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या तळहातावर एक खडा ठेवतात. घेणाऱ्याला ते मूल कोणाचे, नवस कशाचा, यातले काही ठाऊक नसते.