यंत्राला सांगितलेलं दुखणं

म्हातारं माणूस दवाखान्यात खोटं बोलतं, हे घरोघरी ठाऊक असतं. माझ्या सासूबाई रात्र रात्र गुडघे चोळत बसायच्या, आणि डॉक्टरांनी ‘काय आजी, बरं आहे ना?’ असं विचारलं की लगेच, ‘हो, तुमच्या कृपेनं.’ बाहेर आल्यावर मी रागावले तर म्हणाल्या, ‘अगं, बाहेर एवढी माणसं ताटकळलीत, त्यात माझं गुडघ्यांचं पुराण कुठे लावू?’

आज मोबाइलवरचा चॅटबॉट, म्हणजे गप्पा मारणारा संगणक, ‘झोप लागली का, गोळी घेतली का’ असं विचारू लागला आहे. आपल्याला ती नवलाई वाटते. शिवाय ‘म्हाताऱ्यांना हे कसलं जमतंय’ असं आपण परस्पर ठरवूनही टाकतो. मागे वळून पाहिलं, तर यातलं काहीच खरं नाही.

१९६६च्या जानेवारी महिन्यात अमेरिकेत दोन लेख प्रसिद्ध झाले. एक विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॉ. वॉर्नर स्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. रुग्णाची हकीकत डॉक्टरांऐवजी संगणकानं विचारली तर, असा त्यांचा प्रयोग होता. पडद्यावर ॲलर्जीविषयी एकेक प्रश्न यायचा आणि रुग्णानं कळ दाबायची: हो, नाही, माहीत नाही, प्रश्न समजला नाही. ही चौथी कळ मला फार मोलाची वाटते. डॉक्टरांच्या तोंडावर ‘तुम्ही काय विचारता ते मला कळलं नाही’ म्हणायला आपल्याकडे छाती लागते!

दुसरा लेख एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांचा. त्यांच्या ‘एलायझा’ या प्रोग्रॅमला कळत काहीच नव्हतं. माणसानं टाइप केलेलं वाक्य थोडं फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा, एवढीच त्याची करामत. तरीही त्यांच्या सेक्रेटरीबाई त्याच्याशी बोलता बोलता वायझेनबाउम यांनाच म्हणाल्या, जरा बाहेर जाता का? यंत्रापाशी मन मोकळं करायला माणसाला किती थोडं पुरतं, याचा त्यांनी धसका घेतला, आणि १९७६ साली यंत्रावरच्या या भरवशाविरुद्ध एक अख्खं पुस्तकच लिहिलं.

पण मन मोकळं होतं हे खरंच होतं. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्लासगोच्या डॉक्टरांनी दारूमुळे आजारी पडलेल्यांची मुलाखत मानसोपचारतज्ज्ञांकडून आणि संगणकाकडूनही घेतली. प्याल्यांचा हिशेब संगणकापुढे जास्त निघाला. लाज वाटावी असं समोर कुणी नव्हतंच ना!

मग वृद्धांचं काय? बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट फ्रीडमन यांनी तर संगणकही त्यांच्यापुढे ठेवला नाही. घरातला टेलिफोनच वापरला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साठी ओलांडलेले, रक्तदाबाचे २६७ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांनी सहा महिने दर आठवड्याला घरी रक्तदाब मोजून फोन करायचा. पलीकडून संगणक माणसाच्या आवाजात विचारणार, यांनी फोनची बटणं दाबून उत्तर द्यायचं, आणि अहवाल त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जायचा. फोन करणाऱ्यांचा खालचा रक्तदाब सरासरी ५.२ अंकांनी उतरला, बाकीच्यांचा ०.८ अंकांनी. गोळ्या घेण्यातली टाळाटाळही कमी झाली. या मंडळींचं सरासरी वय पंचाहत्तरीच्या घरातलं होतं, हे मुद्दाम सांगते.

बोस्टनमध्येच पुढे टिमोथी बिकमोर यांनी पडद्यावरची ‘लॉरा’ वृद्धांच्या घरी नेली. त्यांच्या चालण्याची चौकशी करणारी ही चित्रातली बाई. बोट लावलं की उत्तर नोंदलं जायचं, टायपिंगची कटकट नाही. २००५ साली त्यांनी लिहिलं, की बहुतेकांना ती सोबतीण आवडली.

म्हणजे अडचण वयाची नव्हतीच. प्रश्न सावकाश आणि एकेक करून यावा, अक्षर मोठं असावं, न कळल्यास पुन्हा विचारता यावं, एवढं झालं की म्हातारी माणसं यंत्राशी बोलतात. मराठीत आणखी एक अट आहे. यंत्रानं ‘तू आज औषध घेतलंस का?’ विचारलं, की संभाषण तिथेच संपलं.

आमच्याकडे नातवानं आजीच्या हातात असाच फोन दिला होता. सुदैवानं तो ‘तुम्ही’ म्हणाला. सासूबाईंनी गुडघे सांगितले, रात्रीचं जागरण सांगितलं, आणि दोन गोळ्या परवडत नाहीत म्हणून एकच घेते, हेही सांगितलं. हे आम्हाला घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘हे आता डॉक्टरांना कळेल ना रे?’ नातू फोनवर बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. मग म्हणाला, ‘नाही आजी, तसं त्यात लिहिलेलं दिसत नाही.’ दुसऱ्या दिवशी त्या कागदावर सगळं लिहून घेऊन दवाखान्यात गेल्या.