दूरस्थ सुपरनोव्हांची साक्ष

आयुष्याच्या अखेरीस काही ताऱ्यांचा जो प्रचंड स्फोट होतो, त्याला सुपरनोव्हा अर्थात अतिनवतारा म्हणतात. काही आठवडे हा एकटा तारा अब्जावधी ताऱ्यांच्या दीर्घिकेशी तेजाची बरोबरी करतो. त्यामुळेच तो अब्जावधी प्रकाशवर्षांवरूनही टिपता येतो.

यांतील ‘टाइप वन-ए’ हा प्रकार अंतरे मोजण्यासाठी मोलाचा ठरला आहे. जोडताऱ्यातील श्वेतबटूच्या या स्फोटाची कमाल तेजस्विता ठरावीक नियमाने जाते. त्यामुळे तो किती मंद दिसतो, यावरून त्याचे अंतर काढता येते. १९९८ मध्ये दोन संशोधकगटांना दूरचे असे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद आढळले. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. मात्र हा मंदपणा वाटेतील धुळीमुळे तर नसेल, अशी शंका उरली होती. ती खरी ठरती, तर कृष्णऊर्जेचा पायाच डळमळला असता.

या शंकेचे उत्तर ‘हबल’ अवकाश दुर्बिणीने दिले. ‘एसएन १९९७ एफएफ’ हा सुपरनोव्हा रॉन गिलिलँड आणि मार्क फिलिप्स यांना १९९७ मध्ये ‘हबल डीप फील्ड’ या क्षेत्रात सापडला. अन्य कामासाठी घेतलेल्या अवरक्त छायाचित्रांतही तो योगायोगाने आला होता. अॅडम रीस आणि सहकाऱ्यांनी केलेले विश्लेषण २००१ मध्ये जाहीर झाले. या स्फोटाचा प्रकाश सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी निघालेला होता. धुळीचा अडथळा असता, तर तो आणखी मंद दिसायला हवा होता; प्रत्यक्षात तो अधिक तेजस्वी निघाला. म्हणजेच त्या काळी गुरुत्वाकर्षणामुळे प्रसरण मंदावत होते आणि पुढे त्याने वेग घेतला. प्रवेगी प्रसरणाच्या शोधाबद्दल सोल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि रीस यांना २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

अशा निरीक्षणांसाठी अवकाशातच जावे लागते. प्रसरणामुळे दूरचा प्रकाश ताणला जाऊन अवरक्त होतो आणि पृथ्वीचे वातावरण त्यातील बराचसा भाग शोषून घेते. २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेली ‘जेम्स वेब’ दुर्बीण खास अवरक्त निरीक्षणांसाठीच घडवली आहे. आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्यात तिने सुमारे ८० सुपरनोव्हा टिपल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यांतील एका ‘टाइप वन-ए’चा प्रकाश ११ अब्जांहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे.

प्राचीन ताऱ्यांत जड मूलद्रव्ये कमी असत. त्यांचे स्फोटही आजच्याइतकेच तेजस्वी होते का, हा कळीचा प्रश्न आहे. या सुपरनोव्हाने पहिला कौल होकारार्थी दिला आहे. परंतु विश्वाची मोजपट्टी एका साक्षीवर पक्की होत नाही.