शाँतक्लेर (कोंबडी)

शाँतक्लेर ही कॅनडातील क्वेबेक प्रांतात विकसित झालेली कोंबडीची जात आहे. अंडी आणि मांस अशा दुहेरी उपयोगाची ही जात कडाक्याच्या थंडीत टिकून राहण्यासाठी ओळखली जाते. गाणे आणि स्वच्छ या अर्थांच्या दोन फ्रेंच शब्दांवरून तिचे नाव पडले.

इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडात पाळल्या जाणाऱ्या कोंबड्या प्रामुख्याने युरोप व अमेरिकेतील जातींच्या होत्या. माँट्रियलजवळील ओका येथील ट्रॅपिस्ट मठातील ब्रदर विल्फ्रिड शातलेन यांनी १९०८ मध्ये देशाच्या हवामानाला अनुरूप जात घडवण्यास प्रारंभ केला. त्यासाठी कॉर्निश, व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, व्हाइट वायनडॉट आणि व्हाइट प्लिमथ रॉक या जातींचा संकर करण्यात आला. १९१८ मध्ये ही जात लोकांसमोर आली व १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली. अल्बर्टा प्रांतात तयार झालेल्या तित्तिर-रंगी प्रकाराला १९३५ मध्ये मान्यता मिळाली.

वैशिष्ट्ये

कोंबडीच्या तुऱ्यावर पिसे नसतात. त्यामुळे तीव्र थंडीत तो गोठून त्यातील पेशी मरतात. यालाच हिमदंश म्हणतात. हिमदंशाने पक्ष्याला वेदना होतात आणि कोंबड्याची प्रजननक्षमताही घटू शकते. लेगहॉर्नसारख्या मोठ्या, उभ्या तुऱ्याच्या जातींना हा धोका अधिक असतो. शाँतक्लेरचा तुरा लहान, गुळगुळीत आणि डोक्यालगत चपटा असतो. चोचीखाली लोंबणारा मांसल भागही अगदी छोटा असतो. पिसारा दाट असून अंडी तपकिरी असतात. कोंबड्याचे वजन सुमारे ३.९ किलो, तर कोंबडीचे सुमारे ३ किलो भरते.

निवड व उपलब्धता

ही जात दुर्मिळ असल्याने पक्षी बहुधा जातिवंत कोंबड्या जोपासणाऱ्या पालकांकडून किंवा निवडक उबवणी केंद्रांतून मिळवावे लागतात. खरेदीपूर्वी जनक पक्ष्यांचा तुरा, कळपाचे आरोग्य आणि इतर जातींशी संकर झाला आहे का, हे पाहणे आवश्यक असते. पोटातील उरलेल्या बलकावर नुकतेच जन्मलेले पिल्लू दोन-तीन दिवस तग धरते, म्हणून एका दिवसाची पिल्ले दूरवर पाठवता येतात. उबवणीची अंडी तुलनेने स्वस्त पडतात. मात्र प्रवासातील हादऱ्यांमुळे सगळी फुटून पिल्ले निघतीलच असे नाही. पैदास करायची असल्यास कोंबडा वेगळ्या कळपातून आणल्यास निकटसंबंधातील प्रजननाचे दोष टळतात.

हिवाळ्यातील निगा

काटक जातीलाही कोरडे खुराडे लागते. श्वास व विष्ठेतून साचणारा दमटपणा हिमदंशाला कारणीभूत ठरतो. त्यामुळे खुराडे पूर्ण बंद न करता छताजवळ हवा खेळती ठेवतात. पक्ष्यांवर थेट झोत येऊ देत नाहीत. बसण्याची दांडी रुंद व सपाट असल्यास बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. पाणी गोठणार नाही याची दक्षता घ्यावी लागते.

संवर्धन

औद्योगिक कुक्कुटपालनात अधिक उत्पादन देणाऱ्या संकरित कोंबड्या आल्या आणि शाँतक्लेर मागे पडली. १९७९ च्या सुमारास ती नामशेष झाल्याचे मानले गेले. परंतु नंतर लहान शेतकऱ्यांच्या परसात तिचे कळप आढळले. १९९९ मध्ये क्वेबेकने कायद्याद्वारे कॅनेडियन घोडा व कॅनेडियन गाय यांच्यासह तिला प्रांताच्या कृषी वारशाचा दर्जा दिला.