महागडे घड्याळ आणि रोजची नोंद

लंडनच्या लार्कम केंडलने १७६९ साली जॉन हॅरिसनच्या सागरी घड्याळाची प्रतिकृती पूर्ण केली. किंमत ४५० पौंड! १७७२ मध्ये कॅप्टन कुकने ते आपल्या ‘रिझोल्यूशन’ जहाजावर नेले.

स्थानिक वेळ आणि ग्रीनिचची वेळ यांतील फरकावरून रेखांश कळतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून घड्याळ एक मिनिट चुकले, तर विषुववृत्ताजवळ जहाजाची जागा सुमारे २८ किलोमीटरने चुकते. अंधारात खडकावर आदळायला एवढी चूक पुरेशी आहे. आणि हे महागडे घड्याळही थोडे पुढे-मागे होतच असे!

उपाय साधा होता. रोज ठरल्या वेळी किल्ली द्यायची, काटे मात्र हलवायचे नाहीत. बंदरात आकाशाचे वेध घेऊन घड्याळ दिवसाला किती सेकंद चुकते ते नोंदवायचे. चूक रोज सारखीच असेल, तर ती हिशेबात धरता येते.

किल्लीचे महागडे घड्याळ प्रथमच घेणाऱ्यानेही पंधरा दिवस हेच करून पाहावे. वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळावरही हा प्रयोग होईल. न चुकणारे घड्याळ नसतेच. नियमाने चुकणारे मात्र भरवशाचे असते, हे मुलांना त्यातून उमगेल.