सुट्या भागांची गोष्ट

बारावीची परीक्षा आटोपली की हल्ली बऱ्याच घरांत एक कागद फिरू लागतो. लांबून पाहिले तर वाणसामानाची यादी वाटावी. जवळ जाऊन वाचले तर वेगळेच शब्द दिसतात : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. घरातल्या मुलाला किंवा मुलीला गेम खेळण्यासाठी संगणक हवा असतो. पण तयार खोक्यातला नको असतो. एकेक भाग पारखून, निवडून, आपल्या हाताने जोडलेला हवा असतो. वडील वैतागून विचारतात, ‘‘अरे, टीव्ही घेताना आपण पडदा एका कंपनीचा आणि आतले सर्किट दुसऱ्या कंपनीचे, असे मागतो का?’’

वडिलांचा प्रश्न रास्त आहे. टीव्ही, फ्रिज, मोबाइल या वस्तू आपण तयार घेतो, बिघडल्या की दुरुस्तीला देतो, नाहीतर टाकून देतो. मग संगणकच असा कसा, की ज्याचा प्रत्येक अवयव वेगळ्या कारखान्यातून आणावा आणि तरीही तो नांदावा? मी कला शाखेचा माणूस. मला यंत्रापेक्षा त्यामागच्या या प्रश्नाचेच जास्त कुतूहल वाटले. उत्तर शोधू गेलो तर हाती लागला चांगला चार दशकांचा इतिहास.

तो सुरू होतो अमेरिकेत. १२ ऑगस्ट १९८१ या दिवशी आयबीएम कंपनीने आपला पहिला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ न्यूयॉर्कमध्ये जाहीर केला. सर्वांत साध्या यंत्राची किंमत १,५६५ डॉलर आणि स्मृती अवघी १६ किलोबाइट. आयबीएम तोवर खोलीभर पसरणारे मोठे संगणक बनवी आणि त्यातले बहुतेक सारे स्वतःच घडवी. पण छोट्या संगणकांच्या बाजारात अ‍ॅपलसारख्या नव्या कंपन्या पुढे गेल्या होत्या. वेळ थोडा होता. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या चमूला साधारण वर्षभरात यंत्र उभे करायचे होते. सगळे घरी घडवत बसायला सवड नव्हती. म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनची, प्रिंटर एप्सनचा, आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. यंत्रात जादा कार्डे बसवायला पाच खाचा ठेवल्या होत्या. ही कार्डे इतरांनी बनवावीत, म्हणजे आपले यंत्र अधिक खपेल, असा हिशेब होता. त्यासाठी आयबीएमने यंत्राची माहिती-पुस्तिकाच विकायला काढली. त्यात सर्किटच्या आकृत्या होत्या, आणि ‘बायोस’ची पूर्ण संहिताही होती. बायोस म्हणजे यंत्र सुरू होताच सर्वांत आधी जागा होणारा आणि प्रोसेसर, कळफलक, पडदा यांची एकमेकांशी गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम. त्यावर स्वामित्व हक्क होता. म्हणजे घराचा नकाशा सर्वांना दाखवला, पण किल्ली खिशात ठेवली.

ही किल्ली चोरी न करता कशी बनवायची? ह्यूस्टन शहरात १९८२ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी कॉम्पॅक ही कंपनी काढली. त्यांनी माणसांचे दोन गट केले. एका गटाने बायोस काय काय काम करतो, ते बारकाईने लिहून काढले. दुसऱ्या गटाने मूळ संहिता पाहिलेलीच नव्हती. त्यांनी त्या वर्णनावरून आपला प्रोग्राम नव्याने लिहिला. काम तेच, शब्द स्वतःचे. त्यामुळे कायद्याला बोट ठेवायला जागा उरली नाही. विक्रीच्या पहिल्याच वर्षी, १९८३ मध्ये, कॉम्पॅकने ११ कोटी १० लाख डॉलरचा धंदा केला. १९८४ मध्ये फीनिक्स नावाच्या कंपनीने अशाच पद्धतीने लिहिलेला बायोस इतर उत्पादकांना विकायला सुरुवात केली. आता किल्ली कोणालाही मिळू लागली.

मात्र ‘आमचे यंत्र आयबीएमसारखेच आहे’ या दाव्याची परीक्षा कशी घ्यायची? गंमत अशी की, ही परीक्षा एका खेळाने घेतली. १९८२ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा विमान उडवण्याचा खेळ वेग मिळावा म्हणून मधले सगळे दलाल टाळून थेट यंत्राशी बोले. यंत्र आतून जरा जरी वेगळे असले तर खेळ कोलमडे. म्हणून नवे यंत्र आले की हिशेबाचा ‘लोटस १-२-३’ आणि हा खेळ चालवून बघत. दोन्ही चालले तर यंत्र पास! मुलांच्या हातात गेम दिसला की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

पुढे आयबीएमला आपल्या उघड्या दाराचा पश्चात्ताप झाला. एप्रिल १९८७ मध्ये त्यांनी ‘पीएस/२’ ही नवी मालिका आणली. त्यातल्या बहुतेक यंत्रांतल्या खाचा नव्या घडणीच्या होत्या. जुनी कार्डे त्यांत बसत नव्हती, आणि तशा खाचा बनवणाऱ्यांकडून आयबीएम परवाना शुल्क मागत होती. (एस्ट्रिज हे पाहायला राहिले नव्हते, ऑगस्ट १९८५ मध्ये डलासच्या विमान अपघातात ते गेले.) सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या. एरवी एकमेकींचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या या कंपन्यांनी जुन्या कार्डांनाही सामावून घेणारा आपला सामायिक नमुना जाहीर केला. तो नमुना फार चालला नाही. पण आयबीएमची बंद खाचही रुजली नाही. पुढे १९९२ मध्ये इंटेलने मांडलेली ‘पीसीआय’ खाच सर्वांनी स्वीकारली. २००५ मध्ये तर आयबीएमने आपला पीसीचा सगळा धंदा लेनोव्होला विकून टाकला.

मग आला १९९५ चा ‘एटीएक्स’ नमुना. त्याआधी मदरबोर्डाला वीज देणारे दोन जोड असत. ते शेजारी शेजारी लावताना काळ्या तारेला काळी तार भिडलीच पाहिजे, हे कारागीर शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी बजावत. उलटे लागले तर बोर्ड जळे. एटीएक्सने एकच जोड दिला, तो उलटा बसूच शकत नाही. बोर्डाची लांबी-रुंदी, स्क्रूची भोके, मागच्या खिडकीची जागा हे सारे ठरले. तीस वर्षे उलटली, तरी आजचे कॅबिनेट त्याच मापाने घडते.

तरही मुशायऱ्यात सर्व शायरांना एकच ओळ दिली जाते. वृत्त ठरलेले, यमक ठरलेले. त्या जमिनीवर प्रत्येकाने आपली गझल उभी करायची. स्पर्धा चुरशीची असते, पण जमीन सर्वांची असते. एटीएक्स ही अशी जमीन आहे. ती आहे म्हणून तैवानचा मदरबोर्ड, कोरियाची रॅम आणि आपल्या गल्लीतल्या दुकानातले कॅबिनेट एकत्र नांदतात.

जमीन सोडणाऱ्यांचे काय होते, याचा धडा ग्राफिक्स कार्डाच्या इतिहासात आहे. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीची ‘वूडू’ चिप आली आणि ‘क्वेक’सारख्या खेळांना खरी खोली आली. ही चिप घेऊन अनेक कंपन्या कार्डे बनवत. पण थ्रीडीएफएक्सने एक कार्ड-कंपनी विकत घेतली आणि १९९९ पासून आपली नवी कार्डे स्वतःच बनवायची ठरवले. कालचे भागीदार दुरावले. त्यांची पावले साहजिकच एनव्हिडियाकडे वळली, कारण तिच्या चिपा सर्वांना मिळत होत्या. त्यातच नव्या कार्डांना उशीर होत गेला. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियानेच घ्यायचे ठरले.

प्रत्येक दार उघडेच राहिले, असे मात्र नाही. एके काळी ‘सॉकेट ७’ या एकाच खोबणीत इंटेल, एएमडी आणि सिरिक्स या तिघांचेही प्रोसेसर बसत. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम-२ साठी स्वतःची वेगळी खाच काढली आणि वाटा फुटल्या. आजही इंटेलच्या बोर्डात एएमडीचा प्रोसेसर बसत नाही. निवडीतला पहिला फाटा तिथेच येतो.

आपल्याकडे ही गोष्ट पोचली ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. रस्त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून कोणी ते नाव विचारत नाही. रेडिओचे सुटे भाग मिळायचे ठिकाण म्हणून तो आधीपासून माहीत होता. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले, १९९१ नंतर दारे आणखी उघडली, आणि त्याच रस्त्यावर मदरबोर्ड विकले जाऊ लागले. पुण्यात तापकीर गल्ली तशीच. ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी घरांत रुळला तो या गल्ल्यांमुळे. कंपनीचे तयार यंत्र ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्या घरी पहिला संगणक आला तो दुकानदाराने कागदावर लिहून दिलेल्या कोटेशनमधून. आज थोडी रॅम घ्या, दिवाळीला वाढवू, ही सवलत तयार खोक्यात कुठली!

आता त्या यादीकडे वळू. निवड पडद्यापासून करावी. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, ‘फोर-के’वर त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे ८३ लाख. सेकंदाला साठ चित्रे हवी तर एक चित्र रंगवायला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात काम उरकेल असे ग्राफिक्स कार्ड घ्यावे, मग त्याला साजेसा प्रोसेसर, मग त्या प्रोसेसरच्या खोबणीचा मदरबोर्ड, आणि बोर्डाला चालेल त्याच पिढीची रॅम. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या जागी बसत नाही. एसएमपीएसवर काटकसर करू नये, आणि कार्ड कॅबिनेटमध्ये मावते का हे घेण्याआधी मोजावे. जोडीतला एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा असला तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने चालते.

या खेळाडूंच्या हौसेतून आणखी एक गोष्ट घडली. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केवर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रे ओळखणारी प्रणाली शिकवून तयार केली, ती एनव्हिडियाच्या जीटीएक्स ५८० या दोन कार्डांवर. ही कार्डे गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेली होती. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची एक मोठी सुरुवात तिथे झाली. आणि तीच लाट आता खेळाडूंच्या अंगावर आली आहे. डेटा सेंटरांना लागणाऱ्या स्मृतीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. त्याच डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने ‘क्रूशियल’ या नावाने चालणारी आपली किरकोळ ग्राहकांसाठीची विक्री बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मोठा गिऱ्हाईक दारात उभा असताना एक पट्टी मागणाऱ्या पोराकडे कोण बघणार?

दुसरीकडे अनेक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाखलेली असते. ती वाढवता येत नाही, बदलता येत नाही. यंत्र हलके आणि सडपातळ होते, हे खरे. पण एक पट्टी बिघडली तर पूर्वी पट्टी बदलत, आता बोर्ड बदलावा लागतो.

म्हणून त्या वडिलांना सांगावेसे वाटते : खर्चाची मर्यादा जरूर घाला, अभ्यासाची अटही घाला. पण यादी फाडू नका. यंत्र उघडून पाहण्याचा, हवा तो भाग हव्या त्या दुकानातून आणण्याचा, बिघडला तर तेवढाच बदलण्याचा हक्क १९८१ मध्ये घाईघाईत मिळाला. तो राखायला पुढे बरीच वर्षे भांडावे लागले. वापरणारी माणसे उरली नाहीत तर तो मिटायला कायदाही लागणार नाही. दुकानदार एवढेच म्हणेल, सुटा माल आता येत नाही. तेव्हा एखाद्या रविवारी मुलाबरोबर बाजारात जा. कोटेशन दोन-तीन दुकानांतून घ्या, बिल आणि वॉरंटीचे कागद सांभाळून ठेवा, आणि घरी आल्यावर स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात द्या.